शिरगणती न करता मोजलेले शहर

एका शाळेत दर वर्षी पहिलीच्या वर्गात ४० मुले दाखल होतात. शाळा दहावीपर्यंत आहे. मधूनच कोणी शाळा सोडत नाही, कोणी नापास होत नाही आणि बाहेरगावाहून कोणी नवे येत नाही. तर शाळेचा एकूण पट किती? चौथीतला मुलगाही सांगेल, ४००.

आता प्रश्न थोडा अवघड करू. समजा, तुम्हाला वर्गात डोकावायची परवानगी नाही. तुम्ही शाळेच्या दारात उभे आहात. दर वर्षी किती मुले दाखल झाली आणि किती मुले कोणत्या इयत्तेतून शाळा सोडून गेली, एवढेच तुम्हाला दिसते. पहिलीत ४० आली, पहिली संपताना ४ गेली, दुसरी संपताना ३, तिसरी संपताना २. म्हणजे दुसरीत ३६, तिसरीत ३३, चौथीत ३१. अशी उतरती भाजणी मांडत दहावीपर्यंत जायचे आणि सगळ्या वर्गांची बेरीज करायची. एकही डोके न मोजता पट हाती आला!

मात्र त्यासाठी दोन अटी पाळल्या जायला हव्यात. दर वर्षीची आवक आणि गळती साधारण सारखी राहिली पाहिजे आणि शाळेला मागचे दार असता कामा नये. या अटी मोडल्या की बेरीज बिनचूक असूनही उत्तर चुकते.

शाळेच्या जागी शहर, दाखल होण्याच्या जागी जन्म आणि शाळा सोडण्याच्या जागी मृत्यू ठेवला, की तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे एक गाजलेले संशोधन आपल्यासमोर उभे राहते. १६९३ साली लंडनमध्ये बसून एका शास्त्रज्ञाने ओडर नदीकाठच्या एका शहराची लोकसंख्या अशीच काढली. ते शहर म्हणजे ब्रेस्लाऊ आणि तो शास्त्रज्ञ म्हणजे धूमकेतूमुळे आपल्या परिचयाचा असलेला एडमंड हॅले. जगातल्या शेकडो शहरांतून त्याला हेच शहर उपयोगी पडले, याचे एक कारण त्या शहराच्या भूगोलात होते.

लंडनची अडचण

लोकसंख्येचा अभ्यास हॅलेच्या आधी सुरू झाला होता. लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जात असे. प्लेगची चाहूल लागावी हा तिचा मूळ हेतू. जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्याने अशा अनेक वर्षांच्या याद्या जमवल्या आणि १६६२ साली त्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक जन्मतात, शहरात जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होतात, अशा कितीतरी गोष्टी त्याने त्या रुक्ष याद्यांमधून बाहेर काढल्या. लंडनची लोकसंख्या त्याने सुमारे ३,८४,००० ठरवली. त्यापूर्वी लोक ती लाखांच्या पटीत वाटेल तशी सांगत असत. ग्राँटचा मित्र विल्यम पेटी याने पुढे डब्लिनच्या याद्यांवर असाच अभ्यास केला.

पण या दोघांच्या हाती असलेल्या याद्यांत एक मोठी उणीव होती. मृत्यूचे कारण लिहिलेले असे, मरणाऱ्याचे वय नसे. त्यामुळे कोणत्या वयाची किती माणसे दगावतात हे ग्राँटला अंदाजानेच ठरवावे लागले. लहान मुलांच्या रोगांनी किती मृत्यू झाले ते पाहून १०० पैकी ३६ मुले सहा वर्षांच्या आत जातात, असे त्याने मांडले. त्यापुढचे आकडे मात्र त्याने हिशेबाने भरून काढले होते.

दुसरी उणीव अधिक खोल होती. लंडन हे मागचे दार सताड उघडे असलेले शहर होते. खेड्यापाड्यांतून तरुण मुले-मुली कामधंद्यासाठी तेथे येत आणि तेथेच मरत. त्यांचा जन्म लंडनच्या नोंदींत नाही, मृत्यू मात्र आहे. शाळेच्या दाखल्याने बोलायचे तर पहिलीत ४० मुले आली आणि दहावीतून ७० बाहेर पडली! अशा शाळेचा पट आवक-जावकीवरून कसा काढणार? आपण ज्या माणसांचे मृत्यू मोजतो तीच माणसे येथे जन्मलेली असावीत, अशी जागा हॅलेला हवी होती.

ओडर नदीच्या काठी

सायलीशिया या प्रांताची राजधानी ब्रेस्लाऊ. आज हे शहर पोलंडमध्ये असून त्याचे पोलिश नाव व्रोत्सवाफ. सतराव्या शतकात तेथे हाब्सबुर्ग सम्राटाची सत्ता होती. बहुसंख्य रहिवासी जर्मन बोलणारे, लूथरपंथी ख्रिस्ती होते. ओडर नदी आजच्या चेक प्रजासत्ताकातील डोंगरांत उगम पावते, सुमारे ८५० किलोमीटर वाहते आणि बाल्टिक समुद्राला मिळते. ब्रेस्लाऊजवळ ती अनेक फाट्यांत विभागते. त्या फाट्यांमध्ये बेटे तयार झाली आहेत. नदीच्या पात्रात बेटे असली की ती ओलांडणे सोपे होते. म्हणून फार जुन्या काळापासून येथे नदी उतरण्याची जागा होती आणि उताराच्या जागेभोवती वस्ती होती. इ. स. १००० मध्ये येथे बिशपचे पीठ स्थापन झाले. त्याचे मुख्य चर्च ज्या भागात आहे त्याचे नावच ‘चर्चचे बेट’ अशा अर्थाचे आहे. व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे मुख्य शहर मात्र डाव्या काठावर वाढले आणि त्याभोवती तटबंदी व खंदक होता.

हॅलेने आपल्या निबंधाच्या सुरुवातीलाच या भूगोलाचे वर्णन केले आहे. गणिती निबंधात हे वर्णन कशासाठी, असे वाटेल. पण तो त्याच्या युक्तिवादाचा पाया होता. हे शहर समुद्रापासून दूर आहे, असे तो सांगतो. नकाशावर मोजले तर हे अंतर ३०० किलोमीटरहून अधिक भरते. बंदर नाही म्हणून परक्या माणसांची ये-जा कमी. गोरगरिबांना तागाच्या कापडाच्या धंद्यात काम मिळते, म्हणून पोटासाठी बाहेर जाण्याचे कारणही कमी. शिवाय अक्षांश जवळजवळ लंडनचाच. थोडक्यात, जेथे माणसे जन्मतात तेथेच मरतात असे हे शहर आहे, असे त्याला दाखवायचे होते.

पाद्रीबुवांच्या नोंदी

नुसते भूगोलाने काम भागत नाही, आकडेही लागतात. ते जमवले होते कास्पार नॉयमान (१६४८–१७१५) या ब्रेस्लाऊच्याच पाद्रीने. त्याला लोकसंख्येत रस नव्हता की विम्यात. त्याला एक अंधश्रद्धा तपासायची होती.

७ आणि ९ यांच्या पटीतली वर्षे माणसाला धोक्याची असतात, असे त्या काळी युरोपात मानत. साती साते ४९, नवे नवे ८१ आणि सर्वांत भयंकर सात नवे ६३. आपल्याकडे साठीची शांत करतात, त्यामागेही अशाच एका वळणाची धास्ती आहे. चंद्राच्या कलांचा आरोग्यावर परिणाम होतो, हाही तेव्हाचा एक समज. नॉयमानने वाद घालण्याऐवजी चर्चमधल्या दफनाच्या नोंदवह्या उघडल्या. तेथे मरणाऱ्याचे वय लिहिलेले होते. ४९ किंवा ६३ या वयाला खरोखरच मृत्यूंची गर्दी होते का, ते मोजायचे ठरले. तशी गर्दी आढळली नाही.

आपल्या कामाची माहिती त्याने लायब्निट्झ या थोर गणितीला कळवली. लायब्निट्झकडून ती लंडनमधील आंरी ज्युस्तेल यांच्यापर्यंत गेली आणि ज्युस्तेलमार्फत १६८७ ते १६९१ या पाच वर्षांच्या ब्रेस्लाऊच्या नोंदी रॉयल सोसायटीच्या हाती आल्या. तेथे त्या हॅलेने घेतल्या. हॅले तेव्हा छत्तिशीत होता. विशीत सेंट हेलेना बेटावर जाऊन त्याने दक्षिण आकाशातील ताऱ्यांची यादी केली होती आणि १६८७ साली न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ स्वतःच्या खर्चाने छापून घेतला होता. थोड्या निरीक्षणांवरून पूर्ण कक्षा काढण्याची सवय असलेला हा माणूस. पाच वर्षांच्या मृत्यूंवरून माणसाच्या आयुष्याची ‘कक्षा’ काढायला तो बसला, यात नवल नाही.

कोष्टक कसे बनले

पाच वर्षांत ब्रेस्लाऊमध्ये ६,१९३ जन्म आणि ५,८६९ मृत्यू झाले होते. म्हणजे वर्षाला सरासरी १,२३८ जन्म आणि १,१७४ मृत्यू. फरक फक्त ६४ चा. सम्राटाच्या युद्धांसाठी जी सैन्यभरती होते तिच्यात तेवढी माणसे जात असतील, असे म्हणून हॅलेने तो फरक मिटवला. आता आवक आणि जावक समान झाली.

जन्मलेल्या १,२३८ मुलांपैकी ३४८ पहिल्या वर्षातच मरण पावत. वर्षाची होणारी मुले ८९०. पुढच्या पाच वर्षांत आणखी १९८ जात. सहा वर्षे पूर्ण करणारी मुले उरत ६९२. त्यापुढे मृत्यूचे प्रमाण एकदम उतरते. ९ ते १४ या वयात ते वर्षाला शंभरात एकाच्या आसपास येते. नंतर ते हळूहळू पुन्हा चढू लागते.

नोंदींमधल्या आकड्यांत चढउतार होते. एखाद्या वयाला जास्त मृत्यू, पुढच्याला कमी. पाचाऐवजी वीस वर्षांच्या नोंदी असत्या तर हे चढउतार आपोआप सपाट झाले असते, असे हॅले म्हणतो आणि ते सपाट धरून कोष्टक मांडतो. त्यातले काही आकडे असे आहेत:

चालू वय १ – माणसे १,०००
चालू वय ७ – माणसे ६९२
चालू वय १७ – माणसे ६१६
चालू वय ३० – माणसे ५३१
चालू वय ४० – माणसे ४४५
चालू वय ५० – माणसे ३४६
चालू वय ६० – माणसे २४२
चालू वय ७० – माणसे १४२
चालू वय ८० – माणसे ४१

जन्म १,२३८ असताना कोष्टक १,००० पासून का सुरू होते, असा प्रश्न चौकस वाचकाला पडेल. कोष्टकातला आकडा जन्मांचा नाही. शहरात कोणत्याही एका दिवशी पहिले वर्ष चालू असलेली किती मुले हयात असतील, त्याचा तो आकडा आहे. त्यात कालची जन्मलेली आहेत आणि उद्या वर्षाची होणारीही. म्हणून तो १,२३८ आणि ८९० यांच्या दरम्यान येतो. शाळेतला ‘वर्गाचा पट’ म्हणतात तोच हा प्रकार.

आता फक्त बेरीज उरली. पहिल्या सात वर्षांचे आकडे १,०००, ८५५, ७९८, ७६०, ७३२, ७१० आणि ६९२. त्यांची बेरीज ५,५४७. असे सात-सात वर्षांचे गट करत ८४ वर्षांपर्यंत जायचे आणि त्यापुढच्या म्हाताऱ्यांसाठी १०७ धरायचे. सगळी बेरीज होते बरोबर ३४,०००. ब्रेस्लाऊची लोकसंख्या! दारोदार फिरून कोणी माणसे मोजली नव्हती आणि हॅलेने त्या शहरात जाऊन डोकेही मोजले नव्हते.

येथे एक सोपा नियम लपलेला आहे. स्थिर लोकसंख्येत एकूण माणसे म्हणजे वर्षाचे जन्म गुणिले सरासरी आयुष्य. शाळेत ४० गुणिले १० वर्षे म्हणजे ४००, तसेच. मग ३४,००० ला १,२३८ ने भागले की ब्रेस्लाऊकराचे सरासरी आयुष्य मिळते, सुमारे साडेसत्तावीस वर्षे.

कोष्टकातून निघालेल्या गोष्टी

या साडेसत्तावीस वर्षांचा अर्थ लावताना आपल्याकडे हमखास चूक होते. ‘पूर्वीची माणसे तिशीच्या आतच मरत’ असे वाक्य पाठ्येतर पुस्तकांत आढळते. कोष्टक तसे म्हणत नाही. तिशीतली ५३१ माणसे निम्मी, म्हणजे २६५, कोणत्या वयाला उरतात ते पाहा. ५७ व ५८ च्या दरम्यान. म्हणजे तिशी गाठलेल्या माणसाला आणखी २७-२८ वर्षे मिळण्याची शक्यता निम्मी होती. सरासरी खाली ओढली होती ती लहान मुलांच्या मृत्यूंनी. हजारी २८१ मुले पहिला वाढदिवस पाहत नव्हती. भारतात हे प्रमाण १९७१ साली हजारी १२९ होते आणि २०२३ साली ते २५ वर आले होते. आयुर्मान वाढले असे आपण म्हणतो तेव्हा त्यातला फार मोठा वाटा वाचलेल्या बाळांचा असतो, वृद्धांच्या वाढलेल्या वर्षांचा त्या मानाने लहान.

जन्मलेल्या १,२३८ मुलांपैकी सतरा वर्षांत निम्मीच उरतात, हे हॅलेच्या नजरेतून सुटले नाही. आयुष्य थोडे मिळाले म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी, आपण आधीच निम्म्याहून अधिक सोबत्यांना मागे टाकून आलो आहोत हे ध्यानात घ्यावे, अशा आशयाचा उपदेश निबंधाच्या पुरवणीत तो करतो. गणिताच्या निबंधात असे वाक्य आज कोणी लिहिणार नाही. पण आकड्यांमागे माणसे आहेत याची जाणीव त्यात आहे.

त्या काळच्या राज्यकर्त्यांना वेगळ्या प्रश्नांत रस होता. शस्त्र धरू शकतील असे पुरुष किती? हॅलेने १८ ते ५६ या वयातील माणसे मोजली, ती १८,०५३ भरली. त्यांतले निम्मे, म्हणजे ९,०२७ पुरुष. एकूण लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक. दुसरा प्रश्न पैशाचा होता. इंग्लंडच्या सरकारला फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवा होता, म्हणून ते तहहयात वर्षासने विकत होते. आज रोख रक्कम भरायची आणि जिवंत असेपर्यंत दर वर्षी ठरावीक रक्कम घ्यायची. वर्षाला एक पौंड मिळावा यासाठी सुमारे सात पौंड भरावे लागत आणि हा भाव सर्व वयांना एकच होता.

हॅलेने ६ टक्के व्याज धरून रास्त किंमत काढली. दहा वर्षांच्या मुलासाठी ती १३.४४ पौंड, चाळिशीतल्या माणसासाठी १०.५७ आणि सत्तरीतल्यासाठी ५.३२ पौंड निघाली. म्हणजे सरकार पोराबाळांच्या नावावर जवळजवळ निम्म्या किमतीत वर्षासने विकत होते आणि साठीच्या बऱ्याच पुढे गेलेल्या म्हाताऱ्यांनाच ती महाग पडत होती! सरकारने लगेच काही धडा घेतला नाही. पण १७२५ साली द म्वाव्र या गणितीने याच कोष्टकाच्या आधारे वर्षासनांवर पुस्तक लिहिले आणि पुढच्या शतकात आयुर्विम्याचा धंदा अशा कोष्टकांवर उभा राहिला. आज आपण विम्याचा हप्ता भरतो, तो वयाप्रमाणे वेगवेगळा असतो, त्याची एक मुळी ब्रेस्लाऊच्या चर्चमधल्या दफनाच्या वहीपर्यंत जाते.

गृहीत किती खरे?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ब्रेस्लाऊ खरोखरच मागचे दार नसलेले शहर होते का?

पुरते नव्हते. बेटांमुळे नदी उतरणे सोपे होते हे आपण पाहिले. ज्या भूगोलाने शहर वसवले त्याच भूगोलाने तेथे रस्तेही आणून मिळवले. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण जाणारे जुने व्यापारी मार्ग ब्रेस्लाऊला एकमेकांना छेदत. समुद्र दूर होता, पण व्यापारी दूर नव्हते. शिवाय १६३३ साली, तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत, या शहरात प्लेगने हाहाकार केला होता. १६९० च्या सुमारास जे साठीचे होते ते त्या संकटाच्या आसपास जन्मलेले. त्यांची संख्या शांततेच्या काळात जन्मलेल्यांसारखीच असेल असे धरणे धाडसाचे होते.

वर्षाचे ते ६४ जादा जन्मही हॅलेने सैन्यभरतीच्या नावावर टाकले, ते सोयीसाठी. मात्र ३४,००० मध्ये ६४ म्हणजे हजारी दोनपेक्षाही कमी वाढ. त्याने चूक थोडीच होते. लंडनमध्ये हीच चूक डोंगराएवढी झाली असती. येथेच हॅलेची निवड सार्थ ठरते. पूर्ण बंदिस्त शहर जगात कोठेच नव्हते. जेथे गृहीत कमीत कमी खोटे ठरेल अशी जागा त्याने घेतली आणि ते गृहीत निबंधाच्या पहिल्याच पानांवर उघड मांडले. घर्षण नसलेला उतार आपण वर्गात गृहीत धरतो, तो जगात नसतो. तरी त्यावरून काढलेला नियम उपयोगी पडतो. कधी उपयोगी पडणार नाही हे मात्र ठाऊक असावे लागते.

बंदिस्त शहराचे उघडलेले दार

याचा सर्वांत कठोर पुरावा पुढे याच शहराने दिला. १७४१ साली ब्रेस्लाऊ प्रशियाने घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनच्या सैन्याने जिंकल्यावर तटबंदी पाडली गेली. कारखाने आले, रेल्वे आली आणि १९३९ पर्यंत लोकसंख्या ६ लाख २९ हजारांवर गेली. दुसऱ्या महायुद्धात शेवटचे काही महिने हे शहर किल्ला म्हणून लढवले गेले. ६ मे १९४५ रोजी ते शरण आले तेव्हा त्याचा मोठा भाग ढिगारा झाला होता.

युद्धानंतर सरहद्दी पश्चिमेकडे सरकल्या. शहर पोलंडकडे आले. उरलेल्या जर्मन रहिवाशांना पुढच्या काही वर्षांत पश्चिमेकडे धाडण्यात आले आणि त्यांच्या घरांत पोलिश माणसे राहायला आली. काही मध्य पोलंडमधून, काही सोव्हिएत संघाकडे गेलेल्या ल्वूफसारख्या शहरांमधून, तीही घरदार सोडूनच. १९४६ च्या गणनेत येथे सुमारे १ लाख ७१ हजार माणसे होती. १९३९ मध्ये येथे राहणारा माणूस त्यांत सापडणे अवघड. नदी तीच, बेटे तीच, चर्चचे मनोरे पुन्हा बांधलेले, पण माणसे बदललेली. जेथे जन्मायचे तेथेच मरायचे म्हणून निवडलेल्या शहरात, एका पिढीतल्या बहुतेकांचा जन्म एकीकडे आणि मृत्यू दुसरीकडे नोंदला गेला. त्या वर्षांच्या जन्म-मृत्यूंवरून हॅलेच्या रीतीने लोकसंख्या काढली असती, तर उत्तर निरर्थक आले असते.

ल्वूफहून आलेल्यांमध्ये ह्यूगो श्टाइनहाउस हे गणितज्ञ होते. ज्यू कुटुंबातले असल्यामुळे नाझी अमलात ते नाव बदलून खेड्यात लपून राहिले. तेथे त्यांच्या हाती अधूनमधून स्थानिक वर्तमानपत्र पडे. त्यात मारल्या गेलेल्या जर्मन सैनिकांचे निधनवृत्त असे. मेलेला सैनिक त्या घरातला युद्धात पडलेला पहिला मुलगा की दुसरा की तिसरा, हे कधी कधी त्यात लिहिलेले असे. त्यांच्या प्रमाणावरून जर्मन सैन्याची एकूण हानी किती असेल याचा अंदाज त्यांनी बांधला. अर्धवट नोंदींवरून न दिसणारी संख्या काढण्याची ही रीत. १९४५ नंतर ते व्रोत्सवाफच्या विद्यापीठात शिकवू लागले, नॉयमानच्याच गावात. २०२१ च्या गणनेत या शहराची लोकसंख्या ६ लाख ७० हजारांच्या घरात पोहोचली होती.

आपल्या वर्गात

हा इतिहास वर्गात करून पाहता येईल. भारतात १९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद सक्तीची आहे आणि ग्रामपंचायतीत ती होते. नावे न घेता, फक्त पाच वर्षांचे जन्म आणि वयवार मृत्यू मुलांना मांडायला द्यावेत. हॅलेचे कोष्टक करावे, बेरीज घ्यावी आणि ती गावाच्या ठाऊक असलेल्या लोकसंख्येशी ताडून पाहावी. उत्तर बहुधा चुकेल. ते का चुकले हे शोधणे, हाच खरा धडा. किती तरुण पुण्या-मुंबईला गेले? किती सुना बाहेरून आल्या आणि किती मुली नांदायला गेल्या? बाळंतपणासाठी तालुक्याला नेलेल्या बाईच्या बाळाची नोंद कोणत्या गावी झाली? पूर्वीपेक्षा जन्म कमी झाले आहेत का? एकेक दार असे सापडत जाईल.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःच्या नोंदींबद्दल. शाळांच्या अहवालांत कधी कधी असे वाक्य असते: पहिलीत ६० मुले, दहावीत २५, म्हणजे गळती ३५. हे हॅलेचेच कोष्टक, त्याच्या अटी विसरून वापरलेले. आजच्या दहावीची मुले नऊ वर्षांपूर्वी पहिलीत आली, तेव्हा कदाचित ३० च दाखल झाली असतील. मग गळती ५. उलट जन्म कमी झाल्यामुळे आज पहिलीत २० आणि दहावीत २५ असलेल्या शाळाही आहेत. तेथे या हिशेबाने गळती उणे येईल आणि खरोखर शाळा सुटलेली पाच मुले कागदावर दिसणारच नाहीत. बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले तर पटावर असतात आणि वर्गात नसतात. त्यांच्यासाठी शाळेला दर वर्षी सहा महिने मागचे दार उघडे असते.

अशी मुले हिशेबातून निसटली की त्यांच्यासाठी काही केलेही जात नाही. म्हणून एकाच दिवशीच्या इयत्तांची तुलना न करता, एका वर्षी दाखल झालेल्या तुकडीचा माग दहावीपर्यंत काढावा. जनरल रजिस्टरमध्ये ते सगळे लिहिलेले असते. त्यासाठी एखादी सुट्टी खर्ची पडेल. ते जमले नाही, तर निदान कोष्टकाच्या डोक्यावर आपण काय गृहीत धरले आहे ते एका ओळीत लिहावे. हॅलेने तेवढे केले होते.